पत्र्याच्या डब्यातले सत्तावीस रुपये

सहावी_ब

नमस्कार. इथे मी नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

सोलापूरच्या पूर्व भागात एका शाळेत शिकवते. सहावीचा वर्ग, पटावर अडतीस मुलं. घरी कुणाकडे तेलुगू, कुणाकडे कन्नड, तिघांकडे उर्दू, आणि वर्गात सगळ्यांची मिळून मराठी. वडील यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात. बऱ्याच जणांच्या आया विड्या वळतात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात एक दुकान सुरू केलं. दुकान म्हणजे खिडकीच्या कट्ट्यावर बिस्किटांचे दोन रिकामे डबे. एकात माल: पेन्सिल पाच रुपये, खोडरबर तीन, शार्पनर पाच, आखीव कागद एक रुपयाला एक. दुसऱ्याच्या झाकणाला चीर पाडलेली, त्यात पैसे टाकायचे. दुकानदार कुणी नाही. दर शनिवारी दोन मुली उरलेला माल मोजतात, गेला किती ते काढतात, डबा उघडून पैसे मोजतात आणि वहीत लिहितात.

पहिल्या आठवड्यात विक्री ६२, जमा ६०. मला वाटलं, छान! दुसऱ्यात ५८ आणि ४९. तिसऱ्यात ५१ आणि ४७. चौथ्यात ४३ आणि ३१. एकूण २१४ चा माल गेला, १८७ आले. सत्तावीस रुपये कमी.

दुसऱ्या शनिवारी वर्गात कुजबुज सुरू झाली. प्रत्येक वर्गात एक मुलगा असतो, काही हरवलं की सगळ्यांच्या माना आपोआप त्याच्याकडे वळतात. आमच्याकडेही आहे. त्या दिवशी अडतीसच्या अडतीस माना वळल्या, त्यात त्याची स्वतःचीही होती. म्हणजे त्यानं मान खाली घातली. मी तो विषय तिथेच बंद केला आणि दप्तरं तपासायची नाहीत असं ठरवलं. बरोबर केलं की चूक, अजून कळलेलं नाही.

खरी अडचण पुढे आहे. गड्ड्याची यात्रा (संक्रांतीची, आमच्या सिद्धेश्वरांची) झाली की शाळेला भेट द्यायला साहेब येणार आहेत. मुख्याध्यापकांना दुकानाची कल्पना फार आवडली. म्हणाले, "भिंतीवर तक्ता लावा, 'आमचे प्रामाणिक दुकान'. विक्री २१४, जमा २१४." मी म्हटलं, सर, सत्तावीस कमी आहेत. त्यांनी खिशातून दहाच्या तीन नोटा काढून माझ्या हातात ठेवल्या. "हे घ्या. वरचे तीन राहू द्या." माणूस वाईट नाही हो. शाळेचं नाव व्हावं म्हणून धडपडणारा आहे.

वही सांभाळणाऱ्या मुलीला मी एवढंच म्हटलं की सर आकडा बदला म्हणतायत. तिनं वही उघडून बघितली आणि म्हणाली, "मॅडम, पेनानं लिहिलंय, खोडलं तर दिसतंय. नवीन वही करू का? मागच्या वेळी परिपाठाची केली होती तशी?"

मागच्या वेळी परिपाठाची वही मीच करून घेतली होती.

त्या नोटा माझ्या पर्समध्ये तशाच आहेत. काय करू?

शेंगाचटणी

काय मॅडम, सत्तावीस रुपयाचं लै टेन्शन घेतलाव की. आमच्या ऑफिसच्या चहाच्या डब्यात महिन्याला याच्या दसपट तूट असते आणि तिथं सगळे पदवीधर आहेत.

अवांतर: शाळेत दर १ ऑगस्टला आम्ही वर्गातले निम्मे जण टिळक व्हायचो. "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही." इतकी वर्षं इतकी भाषणं ऐकली, पण शेंगा खाल्ल्या कुणी ते एकानंही सांगितलं नाही बे. तो पोरगा गप्प बसला आणि सुटला. त्याच्यावर कुणी भाषण लिहीत नाही.

निवृत्त_गुरुजी

सहावी_ब ताई, धागा वाचून झोप उडाली. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली, अक्कलकोटच्या अलीकडे-पलीकडे. मीही कबुली देऊन टाकतो.

तपासणीच्या दिवसासाठी माझा एक नियम होता. साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. मी उजव्या हातवाल्यालाच उठवायचो. साहेब खूश, शेरा उत्तम. जुन्या शिक्षकांना ही युक्ती नवी नाही, मलाही एका ज्येष्ठानंच शिकवली होती. पुढे निवृत्तीनंतर एस.टी. स्टँडवर एक चाळिशीचा गृहस्थ पाया पडला. मी ओळखलं नाही. त्यानं हसत डावा हात वर केला. "गुरुजी, मी हा." सात वर्षं माझ्या शाळेत होता तो. माझ्याकडून त्याला काय मिळालं, तर तो हात.

गांधीजींची 'केटल'ची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. राजकोटच्या शाळेत जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर आले, त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला दिले. मोहननं 'केटल' चुकवला. मास्तरांनी बुटाच्या टोकानं खुणावलं की शेजारच्या पाटीवरचं बघून लिही. त्याच्या ते ध्यानातच आलं नाही, कारण मास्तर तर कॉपी होऊ नये म्हणून उभे असतात अशी त्याची समजूत. बाकी सगळ्यांचे पाचही शब्द बरोबर आले. आत्मकथेत हे त्यांनीच लिहिलं आहे आणि त्यानंतरही मास्तरांबद्दलचा आदर कमी झाला नाही असंही लिहिलं आहे.

मी ही गोष्ट परिपाठात कितीदा सांगितली असेल. पण ती सांगताना मी त्या वर्गातला मास्तर आहे हे मला कधी सुचलं नाही. आणि वर्गातल्या बाकीच्या पोरांचं काय? त्यांना त्या दिवशी पाचापैकी पाच मिळाले.

आणखी एक. आमच्या वेळी मूल्यशिक्षणात दहा मूल्यं होती. श्रमप्रतिष्ठा, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा. पुन्हा एकदा वाचा. प्रामाणिकपणा त्यात नाही. दहाच्या दहा मूल्यांचे उपक्रम केल्याच्या नोंदी मी ठेवत असे, न केलेल्यांच्यासुद्धा.

जुळे_सोलापूरकर

मत वेगळं आहे, राग मानू नका.

हे दुकान मुळात काढायलाच नको होतं. ज्या पोराला घरून रोज दहा रुपये मिळतात त्याला प्रामाणिकपणा फुकट पडतो. ज्याला काहीच मिळत नाही त्याच्यासमोर उघडा डबा ठेवायचा आणि शनिवारी हिशोब मांडायचा, ही परीक्षा सगळ्यांची सारखी नाही. तुमच्या त्या मान खाली घातलेल्या मुलाचं काय झालं असेल? त्या भागातली परिस्थिती बघता सत्तावीसच कमी आले हेच नशीब म्हणा.

घरकुल_कुंभारी

"त्या भागातली परिस्थिती बघता." वा.

मी त्याच भागातला. आई विड्या वळायची, माझं शिक्षण त्यातच झालं. हजार विड्यांवर मजुरी. कारखान्यात माल द्यायला जायच्या आधी रात्री आई सूप मांडीवर घेऊन बसायची आणि एकेक विडी बोटांत फिरवून बघायची. तोंड नीट दुमडलं नसेल, पोटात तंबाखू कमी असेल, ती स्वतःच बाजूला काढायची. मी विचारायचो, अम्मा, एवढ्यातून कोण बघणार आहे? ती तेलुगूत एवढंच म्हणायची की तिथं काढण्यापेक्षा इथं काढलेली बरी. कारखान्यात मोजणारा तरीही मूठभर बाजूला टाकायचा, चांगल्यासुद्धा. त्या विड्यांचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत.

तेव्हा गरिबाच्या पोराला हिशोब शिकवायची गरज नसते, साहेब. त्याला रोज दिसत असतं की कोण किती मारतं. त्या वर्गात पेन्सिल कुणी नेली ते तुम्हाला माहीत नाही. दहा रुपये मिळणाऱ्यानंही नेली असेल.

जुळे_सोलापूरकर

शब्द चुकला, मागे घेतो. पण मुद्दा राहतोच. ज्याच्याकडे पाच रुपये नाहीत त्याला पेन्सिल हवी असेल तर त्यानं काय करावं, याची सोय दुकानात हवी होती.

सहावी_ब

@जुळे_सोलापूरकर, हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उधारीची सोय हवी होती. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याकडे सुद्धा वही असते.

चादरवाला

आम्ही पेठेतले, आमचं गणित साधं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तरी बाहेर जाऊन बघा, पानिपतचा माल सोलापुरी म्हणून विकतात. गिऱ्हाईक दोन्हींवर हात फिरवतं आणि स्वस्तातली उचलतं. खरा माल ठेवणारा दुकानदार दुपारी माशा मारत बसतो. आता मला सांगा, पोराला काय शिकवू? माझा मोठा मुलगा गिऱ्हाइकाला सरळ सांगून टाकतो की काका, हा रंग पहिल्या धुण्यात थोडा जाईल. मी काउंटरखालून पाय दाबतो त्याचा.

(गुरुजींची केटल वाचून हे लिहिताना आत्ता हसू आलं. बुटाचं टोक आमच्याकडेही आहे.)

मुख्याध्यापकांचं मात्र मला पटतं. तूट मालकानं भरायची असते. भरली तर त्यात खोटं काय?

सहावी_ब

भरली म्हणून लिहिलं तर काहीच खोटं नाही. पण ती मुलांनी भरली असं तक्ता सांगणार.

समुपदेशक_नाही_फक्त_एमए

थोडं अभ्यासातलं. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

१९२८ मध्ये अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे या दोघांनी दहा हजारांवर शाळकरी मुलांच्या फसवेगिरीचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक प्रयोग असा: मुलांचे पेपर गोळा करून त्यांची गुपचूप नक्कल करून ठेवायची, मग पेपर परत देऊन उत्तरसूची वाटायची आणि म्हणायचं, आपले आपण तपासा. नंतर दोन्ही ताडून बघायचे. घरी, खेळात, पैशांच्या बाबतीतही असेच प्रयोग केले. त्यांना प्रामाणिक मुलांचा एक गट आणि लबाड मुलांचा दुसरा, असं स्पष्ट काही सापडलं नाही. पेपरात फसवणारा खेळात सरळ वागला, खेळात फसवणाऱ्यानं पैशाला हात लावला नाही. तेव्हा ज्याच्याकडे सगळ्या माना वळतात त्या मुलाबद्दल वर्गाला जी खात्री आहे तिला फारसा आधार नाही.

दुसरा अभ्यास २०११ चा, तालवार आणि ली यांचा. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळा, मुलं तीन-चार वर्षांची. एका शाळेत बारीकसारीक चुकांवर छडी, दुसरीत नाही. खेळणं बघू नकोस असं सांगून मोठं माणूस बाहेर जातं. चोरून बघितलं बहुतेक सगळ्यांनी. पण छडीच्या शाळेतली जवळजवळ सगळी मुलं खोटं बोलली आणि खोटं निभावून नेण्यातही ती जास्त तरबेज निघाली.

आणि तिसरं, गोष्टी सांगणाऱ्यांसाठी. 'लांडगा आला रे आला' सांगितल्यावर मुलांचं खोटं बोलणं कमी झालं नाही. झाड तोडल्याचं वडिलांना खरं सांगणाऱ्या आणि त्याबद्दल शाबासकी मिळवणाऱ्या मुलाची गोष्ट ऐकल्यावर कमी झालं. त्याच गोष्टीचा शेवट बदलून खोटं बोलल्याची शिक्षा दाखवली, तर परिणाम गेला. हे २०१४ चं.

ताई, दप्तरं तपासली नाहीत हे फार चांगलं केलंत. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंद आहेत. वर्गासमोर झडती घेणं दुसऱ्यात मोडतं असं माझं मत.

शेंगाचटणी

म्हणजे लांडगा उगाच मेला.

समुपदेशक_नाही_फक्त_एमए

लांडगा मरत नाही हो त्या गोष्टीत. मेंढ्या मरतात.

हुतात्मा_एक्सप्रेस

सध्या पुण्यात, दर पंधरवड्याला गाडीत भेटणाऱ्यांपैकी एक.

दहावीला आमचं केंद्र सोलापूर जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात होतं. नाव नको. गणिताच्या पेपरला तासाभरानं शिपाई आला आणि पर्यवेक्षकांच्या कानात काही बोलला. ते फळ्यापाशी जाऊन शांतपणे म्हणाले, "भरारी पथक वेशीवर आलंय. ज्यांच्याजवळ काही आहे त्यांनी खिडकीतून टाका." खिडकीखाली पाचोळा पडावा तसे कागद पडले. माझ्याजवळ काही नव्हतं. आता हे प्रामाणिकपणामुळे म्हणू, तर खोटं ठरेल. मला चिठ्ठ्या करता यायच्या नाहीत, अक्षर मोठं होतं. पण त्या दिवशी मला आपण बावळट आहोत असं वाटलं, ते अजून आठवतं. पथक गेल्यावर शिपाई खालून कागद गोळा करून घेऊन आला आणि ज्याचे त्याला मिळाले. कुणाचा कुणाकडे गेला म्हणून मागच्या बाकावर भांडणसुद्धा झालं.

परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे. हे तेव्हा आम्हाला माहीत असतं तरी काय फरक पडला असता? आमचा कायदा फळ्यापाशी उभा होता.

ताई, आकडा बदलू नका. माझं एवढंच.

चादरवाला

पण नोकरी त्यांना करायची आहे, आपल्याला नाही. मुख्याध्यापकांशी वाकडं घेऊन पुढची वीस वर्षं काढायची?

निवृत्त_गुरुजी

चादरवाल्यांचं म्हणणं खरं आहे. ताई, आमच्यासारख्यांच्या टाळ्यांवर जाऊ नका. आम्ही सगळे सुटलेले आहोत.

एक सुचवतो. मुलांनाच विचारा. मी कधी विचारलं नाही.

सहावी_ब

उशीर झाला, माफ करा. गड्डा झाला, साहेबही येऊन गेले. झालं ते सांगते.

गुरुजींचं ऐकलं. भोगीच्या आदल्या दिवशी शेवटच्या तासाला फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले आणि विचारलं, तक्त्यावर काय लिहायचं? मला वाटलं होतं मोठी चर्चा होईल. निम्म्या मुलांनी लगेच सांगितलं, २१४ लिहा, साहेबांना कुठं कळणार आहे. एक म्हणाला, २२० लिहा! खरं लिहा म्हणणारे दोघे-तिघे होते, पण ते माझ्या तोंडाकडे बघून बोलत होते, हे मला कळत होतं.

मग वहीवाली उठली. कपाळाला आठी. "मॅडम, २१४ लिहिलं तर येत्या शनिवारी मी कुठनं सुरू करू? डब्यात तर १८७ हायत. मग पुढच्या आठवड्यात जमा आणि डबा जुळणारच नाही. मला दोन वह्या ठेवाव्या लागतील." तिची जोडीदारीण म्हणाली, "मी दोन वह्या ठेवणार नाही. एकच लिहिता लिहिता हात दुखतो."

संपली चर्चा. खरं-खोटं, पाप-पुण्य काही नाही, दोन वह्यांचा कंटाळा. तक्त्यावर तीन रकाने झाले: विक्री, जमा, कमी. सत्तावीसचा आकडा त्यांनीच लाल स्केचपेननं रंगवला, खाली वेलबुट्टी काढली. आणि जुळे_सोलापूरकर, उधारीची वही सुरू केली आहे. पहिल्याच दिवशी नऊ नावं आली. ज्याच्याकडे माना वळतात त्याचं नाव त्यात नाही, पण वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीचं आहे.

तीस रुपये मुख्याध्यापकांना परत केले. त्यांनी तक्ता बघितला, कपाळाला हात लावला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लावा. पण दाराच्या मागच्या भिंतीवर लावा." म्हणजे दार उघडं असलं की तक्ता झाकला जातो. चादरवाले, वाकडं कुणीच घेतलं नाही.

साहेब आले. दार अर्थातच सताड उघडं. त्यांनी स्वच्छतागृह पाहिलं, पोषण आहाराचं रजिस्टर पाहिलं, आमच्या वर्गात सहा मिनिटं थांबले. विचारलं, सतराचा पाढा कुणाला येतो? भराभर हात वर. गुरुजी, तुमच्यामुळे माझी नजर आधी उजवे की डावे तेच बघत होती. सगळे उजवे होते. ज्याला उठवलं त्याला सतरा सत्तेच्या पुढे आला नाही.

आता मूळ गोष्ट. परवा शनिवारी डबा उघडला. विक्री ३९, जमा ४९. दहा रुपये जास्त! दोघींनी तीनदा मोजलं. वरचं नाणं वेगळंच होतं, दहाचं, एका बाजूला कुंकू लागलेलं, कडेला हळद चिकटून वाळलेली. वहीवालीनं वास घेतला आणि म्हणाली, "कापूर." मग पेन उघडून मला विचारलं, जास्त कुठल्या रकान्यात लिहू? आमच्याकडे तसा रकाना नाही.

मी तिला थांब म्हटलं. कुणीतरी आधीचे पैसे परत केलेत हे उघड आहे, आणि ते बघून माझा ऊर भरून आला हेही खरं. पण रात्री भाकरी थापताना डोक्यात आलं, कुंकवाचं नाणं सहावीतल्या मुलाकडे येतं कुठून? गड्ड्यासाठी आजीनं देवापुढचं उचलून हातावर ठेवलं असेल. किंवा देवघरातून न विचारता आलं असेल. विचारावं तर कुणाला विचारू? सगळ्या वर्गाला विचारलं तर ठेवणारा पुन्हा कधी काही ठेवणार नाही. नाणं सध्या माझ्या कंपासपेटीत आहे.

घरकुल_कुंभारी

नाणं पुसू नका मॅडम. आहे तसं डब्यात ठेवा आणि मोजायला लावा.

शेंगाचटणी

हितं कुठल्यातरी घरात आजी सकाळपासनं देव्हारा खालीवर करायली असेल बघा.